तपासून सोडले

मल्हारगंज, इंदूर
१४ फेब्रुवारी १९६१

श्री. बाबूराव परब यांस,
अप्पासाहेब जगदाळे यांचा सप्रेम नमस्कार.

माझी चुलत आत्या जनाबाई ही तुमची आई. म्हणजे तुम्ही माझे आतेभाऊ. आमचे चुलत आजोबा गोकर्णाच्या यात्रेला गेले ते परतताना पेडण्याला मुलीचे लग्न ठरवूनच आले, म्हणून हे नाते इतके लांबचे झाले. आत्या गेल्यापासून दोन्ही घरांचा पत्रव्यवहार बंद आहे. तो मी आज सुरू करीत आहे, कारण काम आहे. निष्कारण पत्र लिहिण्याची मला सवय नाही.

प्रथम माझी ओळख. मी होळकर सरकारच्या सायर महकम्यात होतो. सायर म्हणजे जकात, महकमा म्हणजे खाते. देवासच्या रस्त्यावरचा नाका माझ्याकडे होता. त्या काळी माळव्यात माणूस अंगणात शिंकला तर शिंक परक्या संस्थानात जाई. देवासला तर एकाच गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एकाचा कायदा, त्या बाजूला दुसऱ्याचा. अशा मुलखात अफू, तूप आणि कापड इकडचे तिकडे करायला किती लोक टपलेले असतील याचा विचार करा! मी एक पोते न उघडता सोडले नाही. दोरी सोडायची, सळई घालायची, मग खडूने खूण करून मोठ्याने म्हणायचे, "तपासून सोडले!" सन अठ्ठेचाळीसमध्ये संस्थाने विलीन झाली, नाके उठले आणि मी घरी आलो. खडूची सवय मात्र राहिली. अजूनही पाहुणे आले की मी त्यांच्या ट्रंका तपासून खूण करतो. सौ. इंदिरा म्हणते, यामुळेच पाहुणे कमी झाले. मला तसे वाटत नाही.

आता काम. माझी कन्या कमल बी. ए. झाली आहे. तिला एक स्थळ सांगून आले आहे. मुलगा सचिवालयात आहे. पण सचिवालय कोठे? भोपाळला! छप्पन साली नवा मध्य प्रदेश झाला आणि आमच्या इंदूरचा राजधानीचा मान उचलून भोपाळला नेला. खुर्च्या नेल्या, टेबले नेली, कपाटे नेली. आता मुलीही न्यायच्या? "त्यापेक्षा मी पोर्तुगालात देईन," असे मी रागाने म्हणालो. म्हणून झाल्यावर लक्षात आले की पोर्तुगालात आपले नातेवाईक आहेत.

तुमचे चिरंजीव बाळकृष्ण लग्नाचे आहेत असे पुण्याच्या एका कार्यात कळले. त्यांचे शिक्षण, प्रकृती, उद्योग आणि वर्तणूक सविस्तर कळवावी.

आपला,
अप्पासाहेब


केरी, पेडणे महाल
९ मार्च १९६१
(पत्र नदीपलीकडे आरोंद्याला टाकलं आहे)

ती. अप्पासाहेबदादा यांस,
बाबूरावाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. शिंकेपाशी सगळे पोट धरून हसले. सळईपाशी माझा आवाज जरा बसला.

आधी एक दुरुस्ती करतो. आम्ही पोर्तुगालात नाही. म्हणजे पणजीचा साहेब म्हणतो की हा पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, आणि पलीकडचा रेडिओ म्हणतो की हा भारत आहे. आम्ही तेरेखोल नदीच्या काठी बसून दोघांचं ऐकतो. नदी हीच हद्द. आमच्या ओसरीवरून हाक मारली तर भारतातली म्हैस मान वर करते. आमचा पेडणे महाल त्यांच्या हाती फार उशिरा गेला, नव्या काबिजादीत, म्हणजे मागाहून जिंकलेल्या मुलखात, म्हणून त्यांची भाषा आमच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. आम्ही घरात कोंकणी बोलतो, देवळात आणि पोथीत मराठी, कचेरीत पोर्तुगीज. नदीत मात्र कोणतीच बोलत नाही. तिथे गप्प बसायचं असतं.

भारत सरकारनं नाकेबंदी केल्याला बरीच वर्षं झाली. त्यामुळे इथे कांदा मिळत नाही, पण हॉलंडचं चीज मिळतं. उदबत्ती मिळत नाही, पण फ्रान्सचं अत्तर मिळतं. गेल्या चतुर्थीला आमच्या गणपतीसमोर अत्तराचा बोळा ठेवला होता. भटजी म्हणाले, देव यंदा साहेबासारखा दिसतोय.

बाळकृष्ण सव्वीस वर्षांचा आहे. सेगुंद ग्राव पास आहे; ती इथली पोर्तुगीज शाळेची परीक्षा. प्रकृती उत्तम, पोहतो फार चांगला. बोलतो कमी. उद्योग म्हणाल तर माझ्याबरोबरच, नदीकाठचा. माडांची थोडी बागायत आहे, शिवाय तो आयात-निर्यात पाहतो. इथले गार्द, म्हणजे जकातीचे शिपाई, आम्हाला चांगले ओळखून आहेत.

वहिनींसाठी एक नायलॉनची साडी आणि तुमच्यासाठी दाढीची पाती पाठवतो आहे. टपालानं नाही. तुमच्या सियागंजात सुपारीच्या आडत्याकडे तुमच्या नावाचं एक पोतं येईल, त्यात आहेत. एकच विनंती, सळई जपून घाला.

तुमचा,
बाबूराव


इंदूर
२० एप्रिल १९६१

प्रिय बाबूराव यांस,

पोते आले. सियागंजचा आडत्या म्हणाला, "दादा, सुपारी का बोरा है, इसमें क्या देखना?" मी म्हणालो, "भिया, यही सुनते-सुनते बाल सफेद हुए हैं."

तळ दुहेरी होता. शिवण आतून घातलेली. वजन बरोबर भरावे म्हणून खालची सुपारी किंचित ओली ठेवलेली. मी ताबडतोब टांगा पाठवून जयसिंगरावांना बोलावून घेतले. हे माझे जुने सहकारी, महूच्या नाक्यावर होते. आम्ही दोघांनी तो तळ पुन्हा पुन्हा उलटून पाहिला. शेवटी जयसिंगराव म्हणाले, "भिया, क्या सफाई है!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. असे पोते आम्ही अठ्ठेचाळीसनंतर पाहिले नव्हते.

बाबूराव, आता लपवू नका. नदीची ही माहिती, गार्दांशी ओळख, आणि माझी परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम पाठवलेले हे पोते! तुम्ही आमच्याच खात्यातले आहात. परक्या सरकारची चाकरी म्हणून तुम्ही संकोचाने सांगितले नाही, हे मी समजू शकतो. पण मीही राजाची चाकरी केली आहे, आणि राजा आता कोठे आहे? जकातदार हा कोणत्याही मुलखात जकातदारच असतो.

आता मोकळेपणी लिहा. तुमच्याकडे माल लपवण्याच्या कोणत्या तऱ्हा आहेत? येथे माझ्याशी या विषयावर बोलणारे कोणी उरले नाही. जयसिंगरावांना अलीकडे ऐकू कमी येते.

पात्यांनी दाढी सुरेख होते. साडीवर मी नियमाप्रमाणे खूण केली. ती धुतल्यावर निघाली, पण सौ. अजून बोलत नाही.

आपला,
अप्पासाहेब


केरी
११ जून १९६१

ती. दादांस,

तुम्ही इतकं ओळखल्यावर मी काय बोलणार? माझी हयात या कामात गेली हे खरं. माझ्या वडिलांचीही त्यातच गेली.

तऱ्हा विचारल्यात. काचेच्या बांगड्या येतात त्या भोपळ्यातून. भोपळा कोरायचा, भरायचा, झाकण परत लावायचं. गार्दाला शंका येते ती भोपळा किणकिणला तरच, म्हणून आत भाताचं तूस. घड्याळं जातात ती माशांच्या टोपलीतून. खाली घड्याळं, वर बांगडे, आणि तेही कालचे. नाक धरलेल्या शिपायाला एकच हात मोकळा उरतो. गेल्या वर्षी पलीकडून एक नवरी पालखीत बसून आली. डोक्यावरून पदर, हुंदके देऊन रडत होती. गार्दाला इतकी दया आली की त्यानं वर ओटीत नारळ घातला. पालखीत बैठकीखाली पोतंभर कांदे होते, आणि एक फुटका कांदा नवरीनं पदरात धरला होता. नवरी म्हणजे आमच्या गावचा न्हावी. आता त्याच्या मिशा पुन्हा वाढल्या आहेत.

बाळकृष्णाचा फोटो सोबत आहे. पणजीच्या फोटोवाल्यानं कोट त्याचा स्वतःचा घातला आहे. म्हणजे कोट फोटोवाल्याचा आहे, मुलगा माझा.

दादा, एक सहज विचारतो. ज्याला तुम्ही नाक्यावर नेहमी पकडत होतात, असा एखादा माणूस मनानं चांगला निघाला, असं कधी झालं का?

तुमचा,
बाबूराव


इंदूर
३० जुलै १९६१

बाबूराव भावोजींना,
इंदिरेचा नमस्कार.

हे पत्र यांना न सांगता लिहीत आहे. आमच्या घरातून नाका चुकवून बाहेर पडलेला हा पहिलाच माल.

भावोजी, तुम्ही जकातीत नाही. साडी हातात घेतली तेव्हाच मला कळले. जकातवाल्याची बायको आहे मी. जकातवाला नातेवाइकांना नायलॉनच्या साड्या पाठवत नाही. तो स्वतःच्या बायकोलाही आणत नाही.

यांना मात्र मी काही बोलले नाही. नाके उठल्यापासून हे घरात नुसते बसून असत. आता रोज सकाळी पोहे खाताना त्या रडणाऱ्या नवरीची गोष्ट सांगतात. दूधवाल्याला सांगून झाली, शेजारच्या वकिलांना दोनदा झाली. यांना असे हसताना पाहून माझीच जीभ रेटत नाही.

कमलला मात्र सगळे सांगितले. तिने फोटो पुन्हा बघायला मागून घेतला. म्हणाली, "आई, हा काहीतरी करतो तरी. भोपाळवाला दिवसभर फाईल इधर से उधर करतो, बस." तेव्हा तिचे मन तुम्हाला कळले असेल.

पण लग्नाआधी खरे काय ते तुम्ही स्वतः यांना सांगा. ते माझ्या तोंडून गेले तर यांना दोन दुःखे होतील.

दुसरी साडी पाठवणार असाल तर मोरपंखी पाठवा.

सौ. इंदिरा


इंदूर
२२ ऑक्टोबर १९६१

प्रिय बाबूराव यांस,

आनंदाची बातमी. भोपाळच्या स्थळास मी नकार कळवला. कमल तुमच्या घरी द्यायची असे ठरवले आहे. जकातदाराची मुलगी जकातदाराच्या घरी जाणार, याहून मला काय हवे? जयसिंगरावांनाही ओरडून सांगितले. त्यांनी मला मिठी मारली.

सुपारी फोडायला मी डिसेंबरात आरोंद्यापर्यंत येतो. तेथून तुम्ही मला तुमच्या हुद्द्यावर नदीपलीकडे नेऊ शकाल. माझी एकच हौस आहे. तुमच्या नाक्यावर मला एक दिवस तुमच्याशेजारी उभे राहू द्या. सळई मी माझी आणीन.

आपला होणारा व्याही,
अप्पासाहेब


केरी
१५ नोव्हेंबर १९६१

ती. दादांस,

शेजारी उभे राहायला जरूर या. पण मी नाक्याच्या कोणत्या बाजूला उभा असतो, ते आज सांगतो.

मी जकातदार नाही. मी जकात चुकवणारा आहे. भोपळे मी कोरलेले आहेत. त्या पालखीचा पुढचा भोई मी होतो आणि मागचा बाळकृष्ण. तुमच्या पोत्याचा तळ त्यानंच शिवला.

आमच्या गावाला जमीन थोडी आणि तीही खारट. चार महिने भात पिकतं, बाकीचे आठ महिने ही हद्दच पिकते. कोणा एका राजानं आपला मुलूख नदीपर्यंत आणून थांबवला, तिथून आमच्या घरातली चूल पेटली. गावातली निम्मी मुलं गार्द होतात, निम्मी नदीत उतरतात, आणि जत्रेला सगळे एकाच पालखीला खांदा देतात. मी सोनं कधी नेलं नाही. कांदे, बांगड्या, उदबत्त्या इकडे आणल्या, नायलॉन आणि घड्याळं तिकडे नेली. पंचांगसुद्धा चोरून आणावं लागतं, दादा. आमच्या गावचे मुहूर्त तस्करीचे आहेत.

तुम्ही आपणहून मला खात्यातला ठरवलंत आणि मी ते राहू दिलं. खोटं एक वाक्य लिहिलं नाही, पण खरं लपवलं. तुमची पत्रं येणं बंद होईल या भीतीनं लपवलं. तुमच्या पत्राची वाट पाहण्याची मला सवय लागली आहे.

आता तुम्ही ठरवाल ते.

बाबूराव


इंदूर
६ डिसेंबर १९६१

श्री. बाबूराव परब यांस,

आपले पत्र पोहोचले. संबंध संपला. भोपाळच्या स्थळास आजच पुन्हा पत्र लिहिले आहे. यावरून माझ्या मनाची अवस्था ओळखावी.

उरलेली पाती परत पाठवीत आहे. साडी सौ. देत नाही.

अ. जगदाळे


केरी
१० जानेवारी १९६२

ती. अप्पासाहेबदादा यांस,

या पत्राला उत्तर नको. हे पत्र मी आमच्याच गावात टाकलं आहे, भारताचं तिकीट लावून, भारतातल्या भारतात. एवढं तरी तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

डिसेंबरात सैन्य आलं, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेलच. आमच्या गावातून ते नमस्कार-चमत्कार करत पुढे गेलं. आम्ही पेढे वाटले. साखर पलीकडून आली, भर दुपारी, डोक्यावर उघडी. पाहताना मी सवयीनं वळून गार्द शोधला. कोणी पकडतच नाही!

गोवा मोकळा झाला याचा आनंद मोठा आहे, दादा. माझे वडील हा दिवस पाहायला हवे होते. पण एका सकाळी उठलो तर सगळं गाव एकदम प्रामाणिक झालं होतं, आणि प्रामाणिक माणसानं सकाळी उठून काय करायचं असतं हे आमच्यात कोणालाच ठाऊक नाही. माणसं होडीत बसली की सवयीनं अजून गप्प बसतात.

परवा काबु पेद्रू आला. हा गार्दांचा हवालदार, इथलाच, हणजुण्याचा. माझ्या मागे धावून धावून त्याच्या गुडघ्यांची वाट लागली. ओसरीवर बसून म्हणाला, "बाबूराव, आता मी कोणाला पकडू?" मी म्हणालो, "आणि मी कोणाला चुकवू?" मग आम्ही घरातला चीजचा शेवटचा डबा फोडला आणि दोघांत वाटून खाल्ला.

बाळकृष्ण रोज धक्क्यावर जाऊन नदीकडे बघत बसतो. काल चोर म्हणून त्याला मुलगी मिळाली नाही, आज बेकार म्हणून मिळणार नाही. तुमच्या कमलचं भोपाळला चांगलं होवो. हे मनापासून लिहितो.

बाबूराव


इंदूर
४ फेब्रुवारी १९६२

प्रिय बाबूराव यांस,

उत्तर नको असे लिहिलेत, म्हणून देत आहे.

तुमचे पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. सौ.ला वाटले पोट बिघडले. तसे नव्हते. तो पेद्रू तुमच्या ओसरीवर बसलेला मला दिसत होता.

अठ्ठेचाळीसमध्ये नाका उठला त्याच्या दुसऱ्या सकाळीही मी गणवेश चढवला, छातीवर पितळेचा बिल्ला लावला आणि नाक्यावर जाऊन उभा राहिलो. जायचे नव्हते, पण पाय तिकडेच वळले. गाड्यांमागून गाड्या धडधडत निघून गेल्या. काल ज्या गाडीवानांची बोबडी वळत होती, ते आज बिडी ओढत माझ्यासमोरून गेले. काहींनी रामराम केला, तो जास्त लागला. दुपारी नंदरामची गाडी आली. हा तूप आणि अफू नेणारा, सगळ्या माळव्यातला पक्का चोर. याला मी जितक्या वेळा पकडले तितके कोणालाच पकडले नाही. त्याने बैल थांबवले, खाली उतरला आणि आपणहून पोत्याची दोरी सोडली. म्हणाला, "साब, एक बार देख तो लो. नी तो मजो नी आवे." पाहिल्याशिवाय मजाच नाही, असे त्याचे म्हणणे.

मी सळई घातली. पोत्यात खरेच गहू होते. मी खडूने खूण केली, "तपासून सोडले" म्हणालो, आणि भर रस्त्यात मला रडू कोसळले. नंदरामने आपल्या पागोट्याने माझे तोंड पुसले. माझ्या नोकरीची कदर त्या दिवशी एकाच माणसाने केली. गेल्या जून महिन्यात पकडलेल्या माणसाच्या चांगुलपणाबद्दल तुम्ही मला सहज एक गोष्ट विचारली होती. तिचे हे उत्तर.

डिसेंबरातल्या पत्रात मी हे सगळे विसरलो. त्याबद्दल वाईट वाटते.

आता व्यवहार. मी सियागंजात हिंडून चौकशी केली. कोकम, काजू, सुपारी, नारळ यांना येथे चांगले गिऱ्हाईक आहे. बाळकृष्णाने तीच जुनी वाट धरावी, फक्त दिवसा. पोत्याला तळ एकच असावा.

भोपाळचे विचाराल, तर माझे सहा डिसेंबरचे पत्र त्यांना पोहोचलेच नाही. टपालात टाकायला मी ते कमलजवळ दिले होते. काल तिने ते तसेच माझ्या हातात ठेवले. मी ओरडलो, "हे अडवण्याचा तुला अधिकार काय?" ती म्हणाली, "बाबा, माल गलत जा रहा था. मी अडवला." मुलगी माझी आहे.

मुहूर्त मे महिन्यातला धरू. पंचांग इकडचे पाहिले आहे. खुल्या बाजारातून घेतलेले.

आपला व्याही,
अप्पासाहेब


इंदूर
२७ मे १९६२

प्रिय बाबूराव यांस,

तुम्ही सर्व सुखरूप पोहोचलात ना? खांडव्याला गाडी बदलताना ट्रंका मोजून घेतल्यात ना?

कार्य उत्तम पार पडले. तुमच्या वऱ्हाडाचे सामान मी तपासले, त्याबद्दल इंदूरभर माझी चेष्टा चालू आहे. परंतु तुमच्यापैकी एकानेही तक्रार केली नाही. तुमच्या न्हाव्यांनी तर मी सांगण्यापूर्वीच हात वर केले. शिस्त पाहून समाधान वाटले.

आता एक नाजूक बाब. लग्नाच्या दिवसापासून माझा पितळेचा बिल्ला सापडत नाही. कपाटात होता. मी रोज संध्याकाळी काढून पुसतो, त्यामुळे जागेबद्दल शंका नाही. मी कोणावर आरोप करीत नाही. पण तुमच्या मंडळींचा पूर्वानुभव पाहता, सहज चौकशी व्हावी.

घर फार मोठे वाटते. सौ. मोरपंखी साडी नेसून बसते आणि दाराकडे बघते. मीही बघतो.

अप्पासाहेब


केरी
१८ जून १९६२

ती. दादांस,

चौकशी केली. आमची मंडळी निर्दोष आहेत. न्हाव्याला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं खरं करून कोणी विचारलं नाही, म्हणाला, आणि आता न केलेलं विचारतात.

बिल्ला सापडला. तो कमलच्या ट्रंकेत होता, शालूच्या घडीत. मी तिला म्हटलं, "सूनबाई, अहो हा चोरीचा माल!" ती म्हणाली, "चोरीचा कसा? बाबांनी तपासून सोडलाय. झाकणावर खूण बघा ना." खूण आहे, दादा. ती कोणाला पुसू देत नाही.

आम्ही निघालो त्या दिवशी मी तुमच्या पाठीमागेच उभा होतो. सगळ्यांच्या वळकट्या तुम्ही उलट्यापालट्या केल्यात. तिच्या ट्रंकेपाशी आलात, कुलपाला हात लावलात आणि तसेच थांबलात. उघडली नाहीत. तशीच खूण केलीत आणि "तपासून सोडले" म्हणालात, तेही धड ऐकू आलं नाही. माझ्या सगळ्या हयातीत मी पाहिलेला हा सर्वांत सोपा नाका, आणि तो तुमचा निघाला.

मी तिला विचारलं, बिल्ला का आणलास? ती म्हणाली, "तिथे बाबा रोज पुसतात आणि मग जेवत नाहीत. इथे त्याला काम आहे." खरंच आहे. धक्क्यावरची आमची जुनी खोली तिनं साफ करून घेतली आणि दारावर तुमचा बिल्ला ठोकला. सियागंजला जाणारं प्रत्येक पोतं ती उघडून बघते. काबु पेद्रूला तिनं सळई दिली आहे. त्याचे गुडघे सुधारले. बाळकृष्ण दोरी सोडतो आणि बांधतो, आणि पूर्वीपेक्षाही कमी बोलतो, पण शीळ घालतो. शेवटी सूनबाई खडूनं खूण करते आणि ओरडते. ते पलीकडे आरोंद्याला ऐकू जातं. तिथली म्हैस मान वर करते.

नव्या धंद्यातली पहिली पोती काल निघाली.

तुमचा,
बाबूराव


इंदूर
९ जुलै १९६२

प्रिय बाबूराव यांस,

पोती आली. खबर मिळताच मी सियागंजात गेलो. सळई बरोबर होती, जयसिंगरावही होते.

ती आडत्याच्या ओट्यावर रचून ठेवली होती. प्रत्येकावर खूण. हात कमलचा, वळण माझे. मी सळई काखेतच ठेवली. आडत्या म्हणाला, "दादा, आज खोल के नी देखोगे?"

मी म्हणालो, "नहीं भिया. यह माल देखा हुआ है."

नोकरीत मी एक पोते न उघडता सोडले नव्हते, हे तुम्हांस ठाऊक आहे. मे महिन्यात एक ट्रंक सोडली, आणि आता ही पोती. जयसिंगराव घरी येईपर्यंत माझ्याकडे काळजीने पाहत होते.

बिल्ला तेथेच राहू द्या. नाक्याचा बिल्ला नाक्यावरच असावा. दिवाळीला कमलला पाठवा. तिची ट्रंक मी उघडणार नाही. खडू मात्र नवा आणून ठेवला आहे.

आपला,
अप्पासाहेब